संस्थेच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू होण्याआधी

"संस्थेने ऑर्डर दिली, दोन वर्षं शिकवतोय, पण मान्यता आलेली नाही. आता काय करू?" "चेअरमनसाहेब म्हणतात, जागा आहे, या. पण पवित्रवर जाहिरातच दिसत नाही. जाऊ का?" डी.एड., बी.एड. झालेल्या मुलामुलींकडून आणि त्यांच्या पालकांकडून हे प्रश्न वारंवार येतात. विचारणाऱ्याचं गाव आणि संस्था बदलते, अडचण तीच राहते.

गोंधळाचं कारण समजून घ्या. खासगी अनुदानित शाळेत तुमची नेमणूक संस्था करते, पगार सरकार देतं, आणि तो पगार सुरू व्हायचा तर शिक्षण विभागाने तुमच्या नेमणुकीला मान्यता द्यावी लागते. तुमची गाठ मात्र फक्त संस्थेशी पडते. त्यामुळे ऑर्डर हातात आली की नोकरी लागली, असं वाटतं. या समजापायी कितीतरी जणांची उमेदीची वर्षं बिनपगारी गेली आहेत. म्हणून माझं सांगणं एकच आहे: संस्था कितीही नामांकित असो, आधी जागेचे कागद पाहा, मग होकार द्या.

इथली माहिती महाराष्ट्रातल्या राज्य मंडळाच्या खासगी शाळांपुरती आहे. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांचे नेमणुकीचे नियम वेगळे आहेत.

शाळा कोणत्या प्रकारची आहे?

पुढचं सगळं यावर अवलंबून असल्यामुळे पहिल्याच भेटीत हे विचारा.

- शंभर टक्के अनुदानित: पगार सरकारकडून. भरती 'पवित्र' या सरकारच्या शिक्षकभरती पोर्टलमधून.
- अंशतः अनुदानित: सरकार पगाराचा काही टक्के भाग देतं, म्हणजे वीस, चाळीस, साठ किंवा ऐंशी. "आमची शाळा लवकरच टप्प्यावर येतेय" या आश्वासनावर जाऊ नका. आज कोणता टप्पा मंजूर आहे, त्याचा आदेश मागा. शाळेला अनुदान असलं तरी तुमची तुकडी त्यात आहे का, हेही पाहा.
- विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित: पगार संस्थेच्या खिशातून. संस्था स्वतः जाहिरात देऊन, मुलाखत घेऊन नेमते.
- अल्पसंख्याक: राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० मुळे या संस्थांना शिक्षक निवडण्याचं स्वातंत्र्य जास्त आहे. त्यांना पवित्रची सक्ती नाही. पण शैक्षणिक पात्रता लागतेच, आणि शाळा अनुदानित असेल तर पगारासाठी मान्यताही लागते.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. 'महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७' आणि त्याखालची १९८१ ची नियमावली अनुदान घेणाऱ्या शाळांपुरती मर्यादित नाही. राज्य मंडळाच्या मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळांनाही ती लागू आहे. सेवाशर्ती आणि वेतनश्रेणी दोन्ही त्यात येतात. "आमची शाळा विनाअनुदानित, आम्हाला हे नियम लागू नाहीत," असं कुणी म्हणालं तर ते खरं धरू नका.

जागा खरोखर आहे का?

सर्वाधिक फसगत इथेच होते, म्हणून इथे घाई नको.

अनुदानित शाळेत पद असणं म्हणजे संचमान्यतेत ते पद दिसणं. विद्यार्थिसंख्येवरून शाळेला किती शिक्षक मंजूर आहेत, ते संचमान्यतेत ठरतं. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक तपासून पटसंख्या धरली जाते, त्यामुळे पट घसरला की पदही जातं. यंदा निवृत्त झालेल्या सरांची जागा पुढच्या वर्षी शिल्लक असेलच असं नाही.

पद मंजूर आहे म्हणून ते लगेच भरता येतं असंही नाही. जिल्ह्यात कुठल्या शाळेत शिक्षक अतिरिक्त ठरले असतील तर आधी त्यांचं समायोजन होतं. त्यानंतर बिंदुनामावली येते. संस्थेच्या शाळांमध्ये कोणत्या प्रवर्गाची किती पदं भरलेली आहेत, किती रिकामी आहेत, ते विभागीय आयुक्त कार्यालयाच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावं लागतं. रिक्त जागा अनुसूचित जमातीची असेल आणि तुम्ही खुल्या प्रवर्गातले असाल, तर संस्थेने कितीही प्रेमाने बोलावलं तरी तुमची कायम नेमणूक टिकणार नाही. (अल्पसंख्याक संस्थांना हे आरक्षण लागू नाही.)

म्हणून संस्थेकडे नम्रपणे, पण स्पष्टपणे हे मागा:

- चालू वर्षाची संचमान्यता
- तपासलेल्या बिंदुनामावलीची प्रत आणि त्यातलं तुमच्या पदाचं स्थान
- पद भरण्यासाठी शिक्षण विभागाने दिलेली परवानगी
- पद कशामुळे रिक्त झालं त्याचा कागद: निवृत्ती, राजीनामा, बढती किंवा मृत्यू

"आत्ताच एवढं विचारता?" असं कुणी म्हणेल. विचारा. ज्या संस्थेची कागदपत्रं जागेवर असतात तिला दाखवायला अडचण नसते. नाहीच दाखवली तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे अर्ज करा. प्राथमिकसाठी शिक्षणाधिकारी (प्राथमिक), माध्यमिकसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक), मुंबईत शिक्षण निरीक्षक आणि कनिष्ठ महाविद्यालयासाठी विभागीय उपसंचालक. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.

तुमची स्वतःची पात्रता

इथे थोडक्यात सांगतो, कारण तपशील प्रत्येक जाहिरातीत असतो. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची शिक्षणशास्त्र पदविका (डी.एड. किंवा डी.एल.एड.) आणि शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा पहिला पेपर. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर केवळ बी.एड.वर या वर्गांसाठी पात्र ठरता येत नाही. सहावी ते आठवीसाठी पदवी, सोबत डी.एड. किंवा बी.एड., आणि टीईटीचा दुसरा पेपर. नववी-दहावीला पदवी व बी.एड., अकरावी-बारावीला त्या विषयाची पदव्युत्तर पदवी व बी.एड. टीईटी एकदा उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. सात वर्षांची जुनी अट २०२१ मध्ये गेली.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टीईटीची सक्ती आणखी घट्ट केली. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या, आधीच सेवेत असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायला सांगितलं. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. अशा शाळेत रुजू होत असाल तरी टीईटी करून ठेवा.

पवित्रची वाट

पवित्र पोर्टल २०१७ च्या शासन निर्णयातून आलं. त्याआधी संस्था आपापली जाहिरात देत आणि आपापल्या माणसाला घेत. आता अनुदानित शाळेला जागा पोर्टलवर दाखवाव्या लागतात आणि उमेदवारही तिथूनच घ्यावा लागतो. त्यासाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट द्यावी लागते. दोनशे प्रश्न, दोनशे गुण, दोन तास. (नावं सारखी असल्यामुळे टेट आणि टीईटी यांत हमखास गल्लत होते. टीईटी तुमची पात्रता ठरवते, टेट तुमचा क्रम ठरवते.) ही चाचणी २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. मधल्या खंडांमुळे संधी वर्षानुवर्षं येत नाही, म्हणून प्रत्येक फेरीत नीट लक्ष घाला.

पोर्टलवर संस्थेला दोन पर्याय असतात. मुलाखतीशिवाय भरतीत टेटच्या गुणांवरून एका जागेसाठी एकाच उमेदवाराची शिफारस होते. मुलाखतीसह भरतीत एका जागेमागे अनेक नावं संस्थेकडे जातात. २०२३ मध्ये झालेल्या टेटवर आधारलेल्या फेरीत हे प्रमाण एकास दहा होतं. निवड संस्था करते, पण त्याच यादीतून. यादीबाहेरच्या माणसाला घेण्याची मुभा तिला नाही. यादीत तुमचं नाव नसताना "तुम्हीच येणार, बघा" असं कुणी सांगत असेल तर तिथून उठून या.

पोर्टलवरच्या चुका साध्या असतात आणि महाग पडतात:

- स्व-प्रमाणपत्रात जात, समांतर आरक्षण, विषय किंवा माध्यम चुकीचं भरणं. कागदपत्रांच्या पडताळणीत मूळ प्रत जुळली नाही की शिफारस रद्द होते.
- पसंतीक्रम भरून तो लॉक न करणं. भरले म्हणजे झालं, असं समजून बरेच जण गाफील राहतात.
- जिथे जायचंच नाही अशी शाळा वर ठेवणं. शिफारस झाली की मागे फिरता येत नाही, म्हणून क्रम लावताना घरच्यांशी बसून बोला.
- जाहिरातीतला शाळेचा प्रकार आणि अनुदानाचा टप्पा न वाचणं.

मुलाखत आणि नमुना पाठ

मुलाखतीसह पर्यायात मुलाखत आणि अध्यापन कौशल्य या दोन्हींना मिळून तीस गुण असतात. टेटमध्ये तुम्ही किती वर होता, त्याचा इथे उपयोग नाही. म्हणूनच नमुना पाठाची तयारी मनापासून करा. ज्या इयत्तेसाठी जागा आहे तिचं पाठ्यपुस्तक आदल्या दिवशी वाचा, एक लहान घटक निवडा, दहा मिनिटांत मुलांकडून काहीतरी करवून घ्या. फळ्यावरचं अक्षर अजूनही पाहिलं जातं, आणि ते योग्यच आहे.

लग्न कधी, मूल कधी, नवऱ्याची बदली कुठे, हे प्रश्न मुलींना सर्रास विचारले जातात. त्यांचा तुमच्या शिकवण्याशी संबंध नाही. "मी पूर्णवेळ काम करायला तयार आहे," एवढं उत्तर पुरतं.

मुलाखतीला गेल्याची नोंद ठेवा: बोलावल्याचं पत्र किंवा संदेश, तारीख, वेळ, हजेरीपत्रकावर सही केल्याचा फोटो. डावललं गेल्याची शंका आली तर निवड यादी आणि गुणपत्रक माहितीच्या अधिकारात मागता येतं.

पैसे मागितले तर

'देणगी', 'इमारत निधी', 'संस्थेसाठी काहीतरी', नाव काहीही द्या, अनुदानित शाळेच्या नेमणुकीसाठी पैसे घेणं ही लाच आहे. सरकारी अनुदान घेणाऱ्या शैक्षणिक संस्थेचे पदाधिकारी आणि कर्मचारी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवक धरले जातात. दुसरी बाजूही लक्षात घ्या. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच तुम्हाला संरक्षण मिळतं. मागणी झाली की पैसे देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर बोला.

शेत विकून, दागिने गहाण ठेवून भरलेले पैसे परत मागायला कुठलाही कागद हातात नसतो. आणि ज्या जागेसाठी पैसे घेतले जातात ती बहुधा मंजूरच नसते, हे या व्यवहारातलं सगळ्यात क्रूर सत्य आहे. २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने नव्या नेमणुका रोखल्यावर त्याआधीच्या तारखा दाखवून ऑर्डरी काढण्याचे प्रकार झाले. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचं (पगार निघायला लागणाऱ्या ऑनलाइन नोंदीचं) प्रकरण बाहेर आलं, शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली, सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. मागच्या तारखेची ऑर्डर, मागच्या तारखेचं हजेरीपत्रक किंवा मागच्या तारखेचा ठराव यांवर सही करू नका. चौकशी झाली की पहिली नोटीस तुमच्या नावाने निघते.

रुजू होताना

नेमणुकीचा आदेश १९८१ च्या नियमावलीतल्या अनुसूची 'ड' च्या नमुन्यात असला पाहिजे. संस्थेच्या साध्या लेटरहेडवरचं "आपली नियुक्ती करण्यात येत आहे" एवढं वाक्य पुरेसं नाही. आदेशात हे शोधा:

- पद, विषय, इयत्ता, वेतनश्रेणी किंवा मानधन
- नेमणूक परिविक्षाधीन, शिक्षण सेवक की तात्पुरती
- तात्पुरती असेल तर कुठपर्यंत आणि कशामुळे
- संस्थेच्या सभेचा ठराव क्रमांक आणि तारीख

रुजू अहवालाची मुख्याध्यापकांची सही-शिक्का असलेली प्रत घ्या. पहिल्या दिवसापासून हजेरीपत्रकावर सही करा. "मान्यता येईपर्यंत वेगळ्या वहीत सही करा," असं सांगितलं तर लेखी कारण मागा.

अनुदानित शाळेत सुरुवातीची तीन वर्षं बहुधा शिक्षण सेवक म्हणून जातात. १ जानेवारी २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि कनिष्ठ महाविद्यालयाला २० हजार रुपये आहे. विनाअनुदानित शाळेत खात्यावर एक रक्कम जमा करून तिचा काही भाग रोखीने परत मागण्याचा प्रकार चालतो. परत देत असाल तर निदान तारीखवार नोंद आणि बँकेचा उतारा जपून ठेवा. पुढे वेतनाची तक्रार करायची झाली तर तेवढाच आधार असतो.

मान्यता आणि शालार्थ

रुजू झाल्यावर मुख्याध्यापक तुमचा वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव पाठवतात. तो कधी गेला, त्याचा आवक क्रमांक काय, हे विचारा आणि पोचपावतीचा फोटो घ्या. "प्रस्ताव पाठवलाय" या दोन शब्दांवर वर्ष निघून जातं. प्रत्यक्षात फाइल शाळेच्याच कपाटात असते, किंवा त्रुटी काढून परत आलेली असते आणि तुम्हाला कुणी सांगितलेलंच नसतं. त्रुटीचं पत्र मिळवा. त्यात नेमकं काय कमी आहे ते लिहिलेलं असतं, आणि बऱ्याचदा ती तुम्ही स्वतः दोन दिवसांत आणून देऊ शकाल अशी गोष्ट असते.

मान्यता मिळाल्यावर शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत तुमचं नाव घेतलं जातं. आयडी मिळाल्याशिवाय पगार निघत नाही. हा आयडी पैसे घेऊन लवकर काढून देतो म्हणणाऱ्या माणसापासून चार हात लांब राहा.

मान्यता नाकारली गेली तर? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सेंट उलाई हायस्कूलच्या प्रकरणात म्हटलं आहे की मान्यता ही नेमणूक वैध असण्याची पूर्वअट नाही. म्हणजे मान्यता नाही एवढ्याच कारणाने संस्था तुम्हाला घरी पाठवू शकत नाही. मात्र नेमणूक मुळात नियमाने झालेली असली पाहिजे. नाकारल्याचा आदेश लेखी घ्या, कारणं वाचा आणि वकिलाशी बोलून उच्च न्यायालयात दाद मागायची की नाही ते ठरवा. तोंडी नकारावर काहीच करता येत नाही.

कायम की तात्पुरती?

कायम रिक्त पदावर रीतसर निवडून नेमलेला शिक्षक दोन वर्षं परिविक्षेवर असतो, शिक्षण सेवक तीन वर्षं. हा काळ समाधानकारक पूर्ण झाला की तो कायम धरला जातो. या काळात मुख्याध्यापकांनी तुमच्या कामाचं मूल्यमापन लेखी ठेवायचं असतं. कामात काही खोट सांगितली तर ती लेखी मागा.

पण दरवर्षी जूनमध्ये नवी ऑर्डर आणि एप्रिलमध्ये मुक्ती, असं पाच वर्षं चाललं म्हणून कायमपणाचा हक्क आपोआप येत नाही. जाहिरात नव्हती, जागा दुसऱ्या प्रवर्गाची होती किंवा ऑर्डर तात्पुरती होती, तर न्यायालयंही हात देत नाहीत. अशी नोकरी अनुभवासाठी आणि गरजेसाठी करा, त्यात कमीपणा नाही. मात्र पुढच्या टेटचा अभ्यास सोडू नका.

कोरा राजीनामा मागितला तर

रुजू होतानाच तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही घेणाऱ्या संस्था आहेत. १९७७ च्या कायद्याच्या कलम ७ मध्ये राजीनाम्याची पद्धत दिलेली आहे: दोन प्रती, दोन्हींवर कर्मचाऱ्याची सही आणि तारीख, एक प्रत नोंदणीकृत टपालाने संस्थेला आणि दुसरी स्वतःजवळ. ही पद्धत तुमच्या संरक्षणासाठीच आहे. सही करावीच लागली असेल, तर त्याच आठवड्यात शिक्षणाधिकाऱ्यांना नोंदणीकृत पत्र पाठवून कळवा की असा कागद घेतला गेला आहे आणि तुमचा राजीनामा देण्याचा हेतू नाही. त्या पत्राची पावती पुढे फार उपयोगी पडते.

काढून टाकलं तर

संस्थेने बडतर्फ केलं, सेवा संपवली, पदावनती केली किंवा बढतीत डावललं, तर त्याच कायद्याच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत. विलंबाचं सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण तो माफ करू शकतं, पण त्यावर विसंबू नका. अध्यक्षांच्या घरी खेटे घालण्यात, गावातल्या पुढाऱ्याकडून शब्द टाकण्यात हे तीस दिवस हमखास संपतात. बोलणी चालू ठेवायची तर ठेवा, अपील मात्र वेळेत दाखल करा.

लेखी आदेश न देता नुसतं "उद्यापासून येऊ नका" म्हटलं, तर त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि संस्था या दोघांना नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवा: अमुक तारखेला मी कामावर हजर होतो, मला सही करू दिली नाही, मी काम करायला तयार आहे. त्याची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. मग ऑर्डर, रुजू अहवाल, मान्यतेचा पत्रव्यवहार, पगाराचे उतारे आणि ही टपालाची पावती घेऊन सेवाविषयक प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाकडे जा. तुमच्या जिल्ह्यासाठी न्यायाधिकरण कोणत्या शहरात बसतं, तेही त्यांना विचारा. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे उमेदवार आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो.